कामगाराचा घाम बेवारस कसा ठरतो?

फुटकी घागर टाकून देणारा माणूस आपण पाहिलेला असतो. फाटकी वहाण उकिरड्यावर फेकणारा माणूसही पाहिलेला असतो. वस्तू नकोशी झाली म्हणजे माणूस ती टाकतो, आणि जो कोणी उचलील त्याची ती होते. परंतु आठ-आठ तास साच्यावर उभे राहून मिळविलेला पगार, हक्काचा बोनस किंवा तीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी टाकून देणारा कामगार कोणी पाहिला आहे काय? आपल्या राज्याच्या कायद्याने तो पाहिला आहे. कामगाराचे जे देणे मालकाने तीन वर्षांत चुकते केले नाही, ती ‘परित्यक्त मालमत्ता’ आहे, म्हणजे धन्याने आपखुशीने टाकून दिलेली वस्तू आहे, असे हा कायदा मानतो. ह्या एका शब्दात जो अन्याय दडलेला आहे, त्याचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे.

हा कायदा म्हणजे १९५३ चा मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम. आता त्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले आहे. कामगारांच्या कल्याणासाठी एक निधी असावा, त्यात कामगार व मालक ह्यांची वर्गणी जमा व्हावी, कामगारांकडून वसूल झालेले दंडही त्यातच यावेत, आणि ह्या निधीचा कारभार एका मंडळाने पाहावा, अशी त्याची योजना आहे. ह्याच निधीत आणखी एक ओघ येऊन मिळतो. पगार, बोनस, ग्रॅच्युइटी वगैरे जी रक्कम कामगाराला देय झाली, पण तीन वर्षांत त्याच्या हाती पडली नाही, ती मालकाने मंडळाकडे भरावयाची असते. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाची वर्गणी तेवढी ह्यातून वगळलेली आहे.

मालकाच्या गल्ल्यात पडून असलेला कामगाराचा पैसा तेथून काढून घेण्याचे हे धोरण मुळात योग्य होते, हे प्रथमच स्वच्छ सांगितले पाहिजे. कामगार मेला, गावी गेला, आजारी पडला किंवा कामावरून कमी झाला, म्हणून त्याचे देणे मालकाच्या नफ्यात मिसळून जावे, ह्याला चोरीशिवाय दुसरे नाव नाही. मालकवर्गाने हा पैसा सहजासहजी सोडला असे मात्र कोणी समजू नये. बॉम्बे डाईंग कंपनी ह्या तरतुदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि डिसेंबर १९५७ मध्ये जिंकली. कामगारांचे दंड निधीत घेण्यास न्यायालयाने हरकत घेतली नाही. परंतु न दिलेल्या देण्यांविषयीची तरतूद त्याने घटनाबाह्य ठरविली. पैसा मंडळाकडे भरल्यावर मालक कामगाराच्या ऋणातून मोकळा होतो, असे मूळ कायद्यात कोठेही म्हटलेले नव्हते. तेव्हा हे मालकाची मालमत्ता मोबदल्यावाचून घेणे होय, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता. त्याच निर्णयात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. मुदत टळल्यामुळे ऋण नाहीसे होत नाही, केवळ ते कोर्टातून वसूल करण्याचा उपाय संपतो. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

द्वैभाषिक राज्याचे १९६० साली दोन भाग झाले. गुजरातने १९६१ साली कायदा दुरुस्त करून ही त्रुटी भरून काढली, आणि महाराष्ट्राच्या कायद्यातही त्याच धर्तीचे कलम ६-अ आले. रक्कम मंडळाकडे भरली की मालक तेवढ्यापुरता मोकळा. कामगाराला पैसे देण्याची जबाबदारी मंडळाच्या शिरावर. मंडळाने जाहीर नोटीस काढून कामगारांना हक्क सांगण्यास बोलवावे. दावा आला तर तो वेतन प्रदान अधिनियमाखालील प्राधिकाऱ्याकडे निर्णयासाठी पाठवावा. दावा खरा ठरला तर पैसे द्यावेत. अहमदाबादच्या अंबिका मिल्सने ह्या दुरुस्तीलाही आव्हान दिले. गुजरात उच्च न्यायालयाने गिरणीच्या बाजूने कौल दिला, परंतु मार्च १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि कायदा वैध ठरविला. मालकांशी चाललेली ही वीस वर्षांची लढाई कामगारांच्या बाजूने संपली, असे त्या दिवशी कोणालाही वाटले असते.

वस्तुतः त्या दिवशी पैसा मालकाच्या तिजोरीतून सरकारच्या तिजोरीत गेला. कामगाराच्या खिशात तो आला नाही. ज्याच्या नावाने दोन राज्ये आणि दोन बलाढ्य कंपन्या कोर्टात झगडल्या, तो साचेवाला ह्या सबंध खटल्यात कोठेही पक्षकार नव्हता.

कलम ६-अ च्या पोटकलमांतून थोडे हिंडून पाहावे. पहिली नोटीस लागल्यानंतर तीन वर्षे, दर जून आणि डिसेंबर महिन्यांत, ती पुन्हा लावावयाची व प्रसिद्ध करावयाची असते. लावावयाची कोठे? ज्या आस्थापनेत तो पैसा मिळविला गेला, तिच्या सूचनाफलकावर. फलक नसेल तर आवाराच्या दर्शनी भागावर. प्रसिद्ध करावयाची कोठे? शासकीय राजपत्रात आणि त्या भागात समजणाऱ्या भाषेतील दोन वर्तमानपत्रांत. पहिल्या प्रसिद्धीपासून चार वर्षांच्या आत जो दावा येईल तोच विचारात घ्यावयाचा. चार वर्षे उलटली की ती रक्कम बेवारस धन म्हणून राज्याच्या मालकीची होते आणि आपोआप निधीत जमा होते. नोटिशी रीतसर लागल्या की नाही, ह्याचा निर्णय कोणी करावयाचा? स्वतः मंडळानेच! मंडळाने दिलेला दाखला हा त्याचा निर्णायक पुरावा मानावा, असे कायदाच म्हणतो. ज्याला पैसा मिळावयाचा आहे त्यानेच ‘मी धन्याला पुरेशा हाका मारल्या’ असे लिहून द्यावयाचे, आणि त्यावर कोणी शंका घ्यावयाची नाही! गावच्या पाटलानेही असा पंचनामा कधी केला नसेल.

आता हा पैसा मागे राहतो कसा, ते पाहिले म्हणजे ह्या नोटिशीची किंमत कळेल. गिरणगावाच्या उदाहरणाने बोलू. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर ह्या जिल्ह्यांतून आलेला कामगार मुंबईत राहिला, पण त्याचे घर गावीच होते. क्षयाने वा अपघाताने खंगला की तो गावी परते. मधल्या पगाराचे दिवस गिरणीच्या वहीत तसेच राहत. बदली कामगाराला आज ह्या खात्यात, उद्या त्या खात्यात काम मिळे. त्याचे तुटक दिवस अनेक पानांवर विखुरलेले असत. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट थकबाकीची. महागाईभत्त्याचा वा बोनसचा तंटा औद्योगिक न्यायालयात वर्षानुवर्षे चाले. निकाल लागून फरकाची रक्कम देय होई, तोपर्यंत कित्येक कामगार सेवेतून गेलेले असत, कित्येक जगातून गेलेले असत. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप लढविला. असा एकेक पैसा झगडून मिळविलेला, आणि तो हक्क ज्यांच्या झगड्याने सिद्ध झाला त्यांनाच त्याची वार्ता नाही, असे किती वेळा घडले असेल?

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक मिटल्या. हजारो कुटुंबे गावच्या वाटेला लागली. मस्टरवरून नावे उडाली, पण त्या नावांपुढची देणी उडाली काय? संपापूर्वीच्या दिवसांचा पगार, रजेचा पगार, ग्रॅच्युइटी, जुन्या तंट्यांतील फरक, ह्यांतील जे कामगारापर्यंत पोचले नाही त्याची नोटीस कायद्याप्रमाणे लागावयाची ती गिरणीच्या दारावर. आणि तो कामगार त्या वेळी होता कोठे? जून महिन्यात तो नांगरामागे होता. डिसेंबरात तो दुसऱ्याच्या बागेत वा उसाच्या फडात मजुरीला होता. राजपत्र म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ज्या गिरणीचे दार त्याला कायमचे बंद झाले त्या दारावरचा कागद वाचण्यासाठी एस. टी. चे भाडे खर्चून तो परळला येणार नव्हता.

आज तर ते दारही राहिलेले नाही. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे मनोरे उभे आहेत. ज्या आवाराच्या ‘दर्शनी भागावर’ नोटीस लावा असे कायदा सांगतो, त्या दर्शनी भागावर आता परदेशी घड्याळांच्या जाहिराती झळकतात. ह्याला नोटीस म्हणावयाचे असेल तर थट्टा कशाला म्हणावे?

बेवारस ठरवून खालसा करण्याची विद्या ह्या देशात नवी नाही. १८४८ साली डलहौसीने दत्तक वारस नामंजूर करून सातारचे राज्य खालसा केले, १८५४ साली झाशी व नागपूर घेतले. वारस डोळ्यांसमोर उभा होता. कंपनी सरकारच्या कायद्याला तेवढा तो दिसत नव्हता. तो अन्याय राजांवर झाला म्हणून इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात नोंदला गेला. साचेवाल्याचा बाराशे रुपयांचा फरक खालसा झाला तर तो कोणत्या बखरीत लिहिला जाणार? कारण तेथेही तेच घडते आहे. विधवा जिवंत आहे, मुलगा जिवंत आहे, घर आहे, ग्रामपंचायतीच्या दप्तरात नाव आहे. कायद्याला मात्र वारस दिसत नाही, कारण तो शोधण्याचे काम कायद्याने कोणावरच सोपविलेले नाही.

आणि येथेच ह्या प्रश्नाचे खरे वर्गीय स्वरूप उघडे पडते. बेवारस पैसा हा काही केवळ कामगारांचाच नसतो. बँकांतील ठेवीदारांचाही असतो, कंपन्यांच्या भागधारकांचाही असतो. त्यांच्याशी आपले राज्यकर्ते कसे वागतात, हे शेजारी ठेवून पाहावे.

बँकेतील ठेवीला दहा वर्षे कोणी हात लावला नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. २०१४ साली हा निधी स्थापन झाला. परंतु तेथे गेली म्हणून ठेव बुडत नाही. ठेवीदार वा त्याचा वारस पुढे केव्हाही बँकेत जाऊन ती मागू शकतो. व्याजी ठेव असेल तर रिझर्व्ह बँक ठरवील त्या दराने व्याजही मिळते. एवढेच नव्हे, तर अशा ठेवी नावावरून शोधता याव्यात म्हणून २०२३ साली रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ नावाची शोधव्यवस्था सुरू केली. भागधारकाचा लाभांश सात वर्षे पडून राहिला तर तो गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो. १९५६ च्या कंपनी कायद्याखाली त्या निधीत गेलेल्या पैशावर भागधारकाला हक्क सांगता येत नसे. ओरड झाली आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने तो हक्क परत दिला. आज भागधारक त्या निधीकडून आपला लाभांशच काय, आपले शेअरही परत मागू शकतो, आणि त्याला चार वर्षांची मुदत नाही. शिवाय न दिलेल्या लाभांशाच्या धन्यांची नावे, पत्ते आणि रकमा कंपनीने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाच्या असतात.

भांडवल गुंतवणाऱ्याचा हक्क अशा रीतीने चिरंजीव झाला. श्रम गुंतवणाऱ्याचा हक्क चार वर्षांत मरतो. ठेवीदाराला व्याज मिळते. कामगाराला मात्र मालकाने मंडळाकडे जेवढे भरले त्याहून एक पैसाही अधिक देण्यास मंडळ बांधलेले नाही, असे कलमात शब्दशः लिहून ठेवले आहे. मालकाने मंडळाकडे भरणा करण्यास विलंब लावला तर मंडळ त्याच्याकडून व्याज घेऊ शकते. ज्याच्या घामाचा तो पैसा, त्याने व्याजाचे नाव काढावयाचे नाही! एकाच देशात, एकाच घटनेखाली, ‘समाजवादी’ हा शब्द १९७६ साली जिच्या सरनाम्यात घातला गेला त्या घटनेखाली, हा भेद चालू आहे.

भांडवलशाहीचे माहेरघर जी अमेरिका, तिच्याकडेही एकदा पाहावे. तेथील बहुसंख्य राज्यांत असा पैसा राज्याच्या खजिन्याकडे जातो तो विश्वस्त म्हणून. धन्याचा हक्क कायम राहतो. १९८१ च्या त्यांच्या नमुना कायद्यात कामगाराच्या न घेतलेल्या वेतनासाठी केवळ एक वर्षाची मुदत ठेवली होती. एवढ्यात पैसा मालकाच्या हातून काढून घ्यावयाचा आणि धन्यासाठी राखून ठेवावयाचा, अशी ती कल्पना. त्या देशाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथील डेलावेअरसारखे राज्य ह्या पैशाकडे उत्पन्नाचे साधन म्हणूनच पाहते, आणि कॅलिफोर्निया राज्य धन्यांना नीट सूचना न देता त्यांची मालमत्ता ताब्यात घेते म्हणून २००७ साली तेथील संघीय न्यायालयाला ते थांबवावे लागले. म्हणजे पैसा पाहून सरकारची नियत फिरते, हे तेथेही खरेच आहे. परंतु ‘तुझा हक्क आता मेला’ असे ही बहुसंख्य राज्ये कामगाराला सांगत नाहीत. ते आपण सांगतो.

आता ह्यावर जे आक्षेप येतील त्यांना उत्तर दिले पाहिजे. आणि त्यांतील पहिला आक्षेप आपल्याच मंडळींकडून येईल. ते म्हणतील, हा पैसा शेवटी कामगारांच्याच कल्याणासाठी खर्च होतो ना? त्यातून कामगार कल्याण केंद्रे चालतात, शिवणवर्ग चालतात, मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरतात. मग समाजवाद्यांनी एकेका व्यक्तीच्या मालकीचा एवढा आग्रह का धरावा?

कल्याण केंद्रांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. गिरणगावातील कित्येक नट, खेळाडू आणि वाचक ह्या केंद्रांनी घडविले. परंतु कामगारांचे कल्याण ही सरकारची आणि मालकवर्गाची जबाबदारी आहे. ती भागविण्यासाठी एका विधवेच्या नवऱ्याचा पगार वापरावयाचा, हा समाजवाद कोणत्या ग्रंथात सांगितला आहे? उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची व्हावीत असे आपण म्हणतो. कामगाराची मजुरी समाजाच्या मालकीची व्हावी असे आपण कधी म्हटले नाही. मजुरी ही त्याच्या चुलीची आहे. नाट्यस्पर्धेचा पडदा सरकारने आपल्या अंदाजपत्रकातून शिवावा. आणि धनी जोपर्यंत आला नाही तोपर्यंत त्या रकमेचे उत्पन्न कल्याणावर खर्च करण्यास कोणाची ना नाही. वाद आहे तो तो धनी दारात आला असता ‘चार वर्षे झाली, आता चालते व्हा’ असे म्हणण्याविषयी.

दुसरा आक्षेप कचेरीतून येईल. रकमा बारीक आहेत, कामगार सापडत नाहीत, शोधण्याचा खर्च रकमेपेक्षा जास्त होईल. ह्याचे उत्तर सरकारच्याच दुसऱ्या कचेरीत पडलेले आहे. गिरणी कामगारांना घरे देण्याचे ठरले तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी मस्टरवर असलेल्या कामगारांकडून व त्यांच्या वारसांकडून म्हाडाने अर्ज मागविले. लाखाहून अधिक अर्ज आले. खेड्यापाड्यांतून माणसे आली. पिवळे पडलेले पगारपत्रक, तिकीट नंबर, ई. एस. आय. चे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी घेऊन रांगांत उभी राहिली. तीस-तीस वर्षे त्यांनी ते कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. घामाची खूण म्हणून ज्यांनी एक चिठ्ठी तीन दशके सांभाळली, त्यांनी आपला पगार ‘टाकून दिला’ असे म्हणणाऱ्या कायद्याला लाज कशी वाटत नाही? हे कामगार बेपत्ता नव्हते. हाक कोणी मारली नव्हती. घरासाठी हाक मारताच ते आले. मग म्हाडाची यादी आणि मंडळाची दप्तरे एकमेकांशेजारी ठेवून नावे जुळविण्यास कोणता खर्च येतो?

तिसरा आक्षेप कायदेपंडितांचा. मुदत नसेल तर जुन्या दाव्यांना अंत राहणार नाही, बनावट वारस उभे राहतील. १९५७ च्या निर्णयातील जे वाक्य ध्यानात ठेवण्यास वर सांगितले, ते येथे उपयोगी पडते. मुदत टळली म्हणून ऋण मरत नाही. हे तत्त्व त्या वेळी गिरणीमालकाच्या कामी आले; आज ते कामगाराच्या कामी का येऊ नये? त्या निर्णयाला आधार झालेली मालमत्तेच्या मूलभूत हक्काची कलमे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने गेली. तेव्हा मालकाचा हक्क आडवा येतो ही सबबही विधिमंडळाला उरलेली नाही. बनावट वारसांची भीती बँकांना आणि कंपन्यांनाही आहे. त्यांनी त्यासाठी दरवाजा बंद केला नाही, कागद तपासण्याची रीत बसविली.

आणि हा प्रश्न केवळ मिटलेल्या गिरण्यांचा आहे असे समजून कोणी हळहळ व्यक्त करून गप्प बसू नये. आजचा कामगार साचेवाल्याहूनही अधिक विखुरलेला आहे. तो कंत्राटदाराकडे आहे. आज भिवंडीच्या गोदामात, उद्या चाकणच्या कारखान्यात, परवा आपल्या गावी बिहारात. कंत्राटदार बदलला की त्याचा शेवटच्या महिन्याचा पगार, रजेचा पैसा, बोनस ही सगळी देणी लोंबकळत राहतात. गिरणीत निदान मस्टर होते, तिकीट नंबर होता. ह्या कामगाराचे नाव कोणत्या वहीत कसे लिहिले आहे हेही त्याला माहीत नसते. मंडळाकडे जे भरले जाते तेवढेच ‘बेवारस’ म्हणून दिसते. जे भरलेच जात नाही ते सरळ गिळले जाते. त्यातच १९३६ चा वेतन प्रदान कायदा वेतनसंहितेत विलीन होऊन ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ज्या प्राधिकाऱ्याकडे दावे पाठविण्याची योजना कलम ६-अ ने केली, तो जुन्या कायद्याने निर्माण केलेला होता. तेव्हा दावेदाराने कोणाच्या दारात उभे राहावयाचे, हे राज्य सरकारने संदेह न ठेवता जाहीर केले पाहिजे.

आपल्या मागण्या साध्या आहेत. पहिली, कलम ६-अ मधील चार वर्षांची मुदत रद्द करावी आणि कामगाराचा व त्याच्या वारसाचा हक्क कायम राहील असे कायद्यात लिहावे. निधीत आधीच जिरलेल्या रकमांनाही हे लागू करावे. दुसरी, ‘परित्यक्त मालमत्ता’ हे शब्द कायद्यातून काढून टाकावेत आणि मंडळ हे ह्या पैशाचे विश्वस्त आहे असे म्हणावे. तिसरी, कामगाराचे नाव, आस्थापना, गाव आणि रक्कम ह्यांची यादी मराठीत, गाववार प्रसिद्ध करावी आणि ती त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. गिरणीचे दार गेले असले तरी गावची चावडी अजून जागेवर आहे. चौथी, ठेवीदाराला मिळते तसे व्याज कामगारालाही मिळावे. पाचवी, लहान रकमांसाठी वारसा प्रमाणपत्राचा द्राविडी प्राणायाम करावयास लावू नये. तलाठ्याचा वा सरपंचाचा दाखला पुरेसा मानावा. आणि सहावी, मंडळाचा स्वतःचाच दाखला निर्णायक मानणारे पोटकलम रद्द करावे.

परंतु मागण्यांचे निवेदन देऊन, त्याची पोच घेऊन परतणे एवढेच आपले काम असेल, तर ह्या लेखाचा कागद वाया गेला असे समजावे. विधिमंडळ कायदा बदलील तेव्हा बदलील. चार वर्षांच्या आतील दावे आजही जिवंत आहेत, आणि प्रत्येक जून-डिसेंबरागणिक त्यांतील काही मरत आहेत. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली मंडळाकडे अर्ज करावेत. गेल्या दहा वर्षांत कोणत्या आस्थापनांकडून किती रक्कम आली, किती कामगारांची होती, नोटिशी कोठे व केव्हा लागल्या, किती दावे आले, किती मंजूर झाले, आणि किती रक्कम बेवारस म्हणून निधीत जिरली, एवढे प्रश्न विचारावेत. उत्तर येताच नावे घेऊन गावोगाव जावे. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईकर गावी येतात, त्या दिवसांत वाडीवाडीतून बैठका घ्याव्यात. जुने कागद पाहावेत. कल्याण आयुक्तांच्या नावे दावे लिहून द्यावेत, त्याची नक्कल कामगाराजवळ ठेवावी. बंद पडलेल्या प्रत्येक कारखान्याची कामगारयादी जमविणे हे त्या भागातील शाखेचे काम मानावे. कंत्राटी कामगारांना कामाच्या पहिल्याच दिवशी सांगावे की, हजेरीची आणि पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा.

कामगार कल्याण मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईत ज्या वास्तूत आहे, तिला हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिलेले आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची लॉरी अडविताना तिच्या चाकाखाली त्याने प्राण दिला. तो गिरणी कामगार होता. त्याच्याच नावाच्या इमारतीत बसून त्याच्या भाईबंदांच्या मजुरीवर ‘बेवारस’ असा शिक्का मारला जावा, हे त्या नावाला शोभत नाही. दावा घेऊन आलेल्या म्हातारीला त्या इमारतीच्या पायऱ्यांवरून रिकाम्या हाताने परत जावे लागू नये, एवढे आपण केले तरी ते नाव सार्थ झाले म्हणता येईल.